बाईंच्या गाडीचा लाल दिवा

बावीस हे काही त्याचं नाव नव्हे. पण खरं नाव विचारलं तर त्याच्या सख्ख्या मेव्हण्यालाही डोकं खाजवावं लागतं. सोळा वर्षांचा असताना तो टायपिंगच्या क्लासला जायचा. पास व्हायला मिनिटाला तीस शब्द लागत. सहा महिने गेले, वर्ष गेलं, बरोबरची मुलं पास होऊन नोकरीला लागली, आणि हा आपला बावीस शब्दांवर ठाण मांडून बसलेला. गंमत अशी, की त्या बावीस शब्दांत चूक एकही नसायची, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. शेवटी क्लासच्या बाईंनी त्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "अरे, हात चांगला आहे तुझा, पण घाईचं काम तुला झेपायचं नाही. सावकाश काम करणाऱ्याला कोणी हाकलत नाही, असं काहीतरी शीक." मग तो गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम शिकला. नाव तेवढं बावीसच राहिलं.

आता तो त्रेपन्न वर्षांचा आहे. रस्ता जिथे वळतो तिथे त्याचं दुकान. दोन गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतील एवढी जागा, भिंतीलगत फळीवर बॅटऱ्यांची रांग, खिळ्यांना अडकवलेली वायरची भेंडोळी, आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्या स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक उठेपर्यंत जरा म्हातारं होतं, कारण बावीसचा एक क्रम ठरलेला आहे. गाडी चार्ज होत नाही म्हटलं की आधी बॅटरी, मग बेल्ट, मग वायरांची टोकं, मग डायनॅमो आणि सगळ्यांत शेवटी कटआउटचा, म्हणजे डायनॅमोची वीज आवरून बॅटरीकडे सोडणारा डबा. दोष शेवटच्या घरात पाय पसरून बसलेला समोर दिसत असला, तरी हा पहिल्या घरापासून दारं वाजवत येणार. घरीही तेच. स्वयंपाकघरातला दिवा गेला की हा मेन स्विचपासून सुरुवात करतो. "अहो, आधी दिवा बदलून बघावा ना माणसाने," असं त्याची बायको पंचवीस वर्षं सांगते आहे. तिला मागणी घालायलाही त्याने इतका वेळ लावला होता, की मधल्या मध्ये तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न उरकलं. मात्र त्याच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, असं कधी झालं नाही. दोष माहीत असताना त्याने गाडी दुकानाबाहेर सोडली, असं तर नाहीच नाही. या एका गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता.

त्या बुधवारी सकाळी अकराला दुकानासमोर सायीच्या रंगाची एक जुनी गाडी आली. आली म्हणजे ढकलत आणली. मागे एक पोस्टमन आणि दोन भाजीवाले घामाघूम झालेले, आणि स्टिअरिंगवर टायपिंगच्या बाई. मान खिडकीबाहेर काढून त्या सांगत होत्या, "डावीकडचे, तुमचा जोर कमी पडतोय." बाईंना आता शहात्तर वर्षं झाली होती. क्लास बंद होऊन जमाना लोटला, तरी चाळीस मशीनच्या आवाजावर चढवायचा तो सूर काही खाली आला नव्हता.

"बावीस, चार वाजता परीक्षा आहे माझी," त्या उतरता उतरता म्हणाल्या.

"कसली परीक्षा, बाई?"

"गाडीची. लायसन आज संपतंय. या वयात नुसत्या सहीवर वाढवून देत नाहीत. साहेब शेजारी बसतो आणि चालवायला लावतो. चुकलं की लायसन गेलं, आणि लायसन गेलं की गाडी गेली. मुलाने गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय. शनिवारी येणार आहे म्हणे."

"मग दुसरी गाडी घेऊन जायची परीक्षेला."

"दुसरी मला येत नाही. हिचा गिअर स्टिअरिंगला आहे. चाळीस वर्षांत दुसऱ्या गाडीच्या गिअरला मी हात लावलेला नाही."

आता बाईंना गाडी कशाला हवी, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांची धाकटी बहीण टेकडीपलीकडच्या वस्तीत राहते. सहा वर्षांपूर्वी तिची नजर गेली. दर गुरुवारी बाई तिला गाडीत बसवून दोन तास फिरवून आणतात आणि रस्ताभर काय काय दिसतंय ते तिला सांगतात. कुणाच्या दाराला नवा रंग लागला, कुठल्या वळणावर बकऱ्या बसल्या आहेत, कुणाच्या दोरीवर कुणाचे कपडे वाळताहेत. धाकटीचा आठवडा त्या दोन तासांवर चालतो. मुलगा म्हणतो, टॅक्सीने जात जा. "टॅक्सीवाला बकऱ्यांसाठी गाडी हळू करतो का?" असं बाई त्याला विचारतात.

तेव्हा प्रश्न लायसनचा नव्हता, गुरुवारचा होता. बावीसला ते कळलं. घड्याळात पाच तास होते. इतरांसाठी ते भरपूर झाले असते.

"काय होतंय गाडीला?"

"काही नाही रे. तीन गुरुवार झाले, बॅटरी पडायला लागली. बाकी गाडी उत्तम आहे. उलट अलीकडे जास्तच शहाणी झालीय." बाई खालच्या आवाजात बोलू लागल्या, म्हणजे फक्त पलीकडच्या फुटपाथपर्यंत ऐकू जाईल अशा. "दोन महिन्यांपूर्वी वेगाचा काटा बंद पडला. म्हटलं, आता परीक्षेत वेग कळायचा कसा? चाळीसच्या वर गेलं की नापास. तर महिन्याभरात गाडीने आपली सोय आपणच केली. सावकाश चाललं की लाल दिवा बंद. चाळीसच्या वर गेलं की लाल दिवा लागतो. पाय सैल केला की परत बंद. मैलाच्या दगडांवर घड्याळ लावून तपासलंय मी."

बावीसने खिडकीतून आत डोकावून पाहिलं. तो लाल दिवा चार्जिंगचा होता. गाडी सुरू झाली की तो विझायला हवा आणि विझलेलाच राहायला हवा. वेग वाढला की पेटणारा चार्जिंगचा दिवा त्याने छत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. दुसरा कोणी असता तर त्या दिव्याचा माग काढत थेट मुळाशी गेला असता. बावीसने बॉनेट उघडलं आणि बॅटरीपासून सुरुवात केली.

बॅटरी चांगली होती, नुसती उपाशी होती. फळीवरची एक भरलेली बॅटरी त्याने गाडीत बसवली. त्यात पाऊण तास गेला, कारण टोकं घासल्याशिवाय तो ती जोडत नाही. मग बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला. जितका दबायला हवा तितकाच दबला. मग एकेका वायरचं टोक सोडवून, घासून, परत आवळलं. बाई स्टुलावरून उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

"अरे, एवढ्या वेळात मी अख्खं पत्र टाइप केलं असतं, कार्बन लावून."

"हो बाई."

"दोन प्रतींत."

"हो बाई."

दीड वाजता त्याच्या बायकोने डबा आणला. बाईंची अवस्था बघून तिने डब्याचं झाकण त्यांच्याकडे सरकवलं आणि मायेने म्हणाली, "यांच्याकडे बघू नका. दुसरीकडे कुठेतरी बघा." बाईंनी चार घास खाल्ले, पण दुसरीकडे काही बघितलं नाही.

मग डायनॅमोची पाळी आली. बावीसने त्याच्या दोन्ही वायरी काढल्या, त्या बसतात ते दोन्ही खिळे एका तारेने एकत्र जोडले, मीटरचं एक टोक तिथे लावलं, दुसरं गाडीच्या पत्र्याला, आणि बाईंना इंजिन सुरू करायला सांगितलं. मीटरचा काटा सरसर वर चढला. डायनॅमो ठणठणीत होता. वीज पाहिजे तेवढी तयार होत होती, फक्त बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हती. म्हणजे मधल्या कटआउटच्या डब्यात कोणीतरी दार लावून बसलं होतं. आता कुठे बावीस शेवटच्या घराशी आला होता आणि घड्याळात अडीच वाजले होते.

डब्याचं झाकण काढलं तर आत सगळं लख्ख. पट्ट्या स्वच्छ, गुंडाळ्या शाबूत, जळकट वास नाही. बावीस गोंधळला. त्याने मीटरचं एक टोक डब्याच्या तळाच्या पत्र्याला टेकवलं आणि दुसरं गाडीच्या अंगाला. हा डबा गाडीला स्क्रूने घट्ट बसवलेला असतो आणि तिथूनच त्याला अर्थ मिळतो, म्हणजे वीज परत जायची वाट मिळते. दोन्हींत फरक शून्य दिसायला हवा. काटा मात्र चांगला वर जाऊन उभा राहिला. डबा गाडीवर बसलेला होता, पण गाडीशी त्याचं काही नातं उरलेलं नव्हतं.

बावीसने वाकून डब्याच्या खाली पाहिलं. खाली हिरव्या लोकरी नमद्याचा जाड तुकडा होता. डब्याच्या मापाचा, कोपरे गोल कापलेले, कडेने बारीक टाके घातलेले. चारही स्क्रूंच्या खाली रबराच्या चकत्या होत्या आणि स्क्रू रबराच्या नळीतून गेले होते.

"हे कोणी केलं, बाई?"

"मी," बाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या. "गेल्या महिन्यात. तो डबा सारखा खडखडायचा. आपल्या क्लासच्या मशीनखाली नमदे होते ना, खालच्या मजल्यावरच्या वकिलाने कटकट केली म्हणून घातलेले? चाळीस नमदे मी अजून जपून ठेवलेत. त्यातलाच एक. रबरसुद्धा तिथलंच. आता बघ, आवाज आहे का?"

आवाज नव्हताच. डब्याला अर्थ नव्हता, त्यामुळे आतलं काही हलत नव्हतं, डायनॅमोला आवर घालायला कोणी नव्हतं आणि वीज बॅटरीकडे सोडायलाही कोणी नव्हतं. लाल दिवा असतो बॅटरी आणि डायनॅमो यांच्या मधोमध. गाडी सावकाश चालली की दोन्हीकडचा जोर सारखा, मग दिवा गप्प. वेग वाढला की डायनॅमोचा जोर बॅटरीच्या कितीतरी वर, मग दिवा पेटणारच. बावीसला हे सगळं एकदम उमगलं आणि तो हसायला लागला. तो हसतानाही सावकाशच हसतो, आधी खांदे हलतात आणि आवाज मागून येतो. बाई आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू फुटलं, आणि मग दोघं बॉनेटला धरून हसत राहिली. समोरच्या दुकानातला शिंपी काय झालं ते बघायला मशीन सोडून बाहेर आला.

"नमदा काढायचा नाही हं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "टाके घालायला दोन दुपारी गेल्यात."

नमदा राहिला. बावीसने डब्याच्या तळापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत एक काळी वायर टाकली, खालचा रंग खरवडून टोक आवळलं. गाडी सुरू केली. डब्यात बारीक टक् झालं, मीटरचा काटा उजवीकडे गेला, आणि कितीही वेग दिला तरी लाल दिवा विझलेला तो विझलेलाच. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. बावीसने आयुष्यात इतक्या लवकर काही पुरं केलं नव्हतं.

"बस गाडीत. हत्यारं घे," बाई म्हणाल्या. "वाटेत काही झालं तर?"

वाटेत झालं ते असं. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, आणि बावीसला खिडकीतून दिसणारी झाडं एकमेकांत मिसळायला लागली. एक ट्रक मागे पडला. मग एक बस मागे पडली. बसच्या ड्रायव्हरने बाईंकडे ज्या नजरेने पाहिलं, ती बावीसला पुढे कित्येक दिवस आठवत होती. मागच्या सीटवर हत्यारांची पेटी या दारापासून त्या दारापर्यंत घसरत होती आणि तिच्याबरोबर बावीसही.

"बाई, जरा सावकाश."

"सावकाशच आहे. दिवा लागलाय का?"

बावीसने पेटी दोन्ही हातांनी धरून ठेवली. "बाई, तो दिवा आता लागणार नाही."

"का नाही लागणार?"

"मी दुरुस्त केला ना."

बाईंनी पाय उचलला. गाडी रस्त्याच्या कडेला येऊन थांबली.

"मग मला वेग कळणार कसा?" बाईंचा सूर पहिल्यांदाच खाली आला होता. "अंदाज राहिला नाही रे माझा. पूर्वी होता. दिवा आला म्हणून तर मी परीक्षेला जायची हिंमत केली."

"काट्याची केबल तुटली असणार. नवी टाकू. उद्या."

"उद्या नाही. आज चार वाजता." त्यांनी परत गाडी चालू केली, आणि लायसनच्या ऑफिसपर्यंत सायकलवाल्यांनासुद्धा पुढे जाऊ दिलं.

ऑफिसच्या अंगणात गाड्यांची रांग होती. चारला दहा मिनिटं कमी असताना बाई उतरल्या, बॉनेटकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "काढ ती वायर."

"नाही बाई."

"पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे."

"चालू गाडीत दोष घालू मी? आजवर कधी..." हे फक्त अभिमानाचं नव्हतं. वायर काढली की डायनॅमो बेलगाम होणार, तापणार, जास्त वेळ गेला तर जळणारही. छत्तीस वर्षं त्याने दोष काढले होते. दोष घालायला त्याचा हात धजत नव्हता. त्याने मनात सगळी घरं पुन्हा एकदा मोजायला घेतली. बॅटरी भरलेली आहे, पंधरा मिनिटं ती एकटी सहज ओढेल. बेल्ट ठीक. टोकं ठीक. डायनॅमो चाळीसच्या आत राहिला तर...

"पुढची गाडी, सायीच्या रंगाची," आतून कोणीतरी पुकारलं.

बाई नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांची हनुवटी थरथरत होती. चाळीस मुलांना एका नजरेत गप्प करणाऱ्या बाईंची हनुवटी. बावीसने बॉनेट उघडलं, पाना फिरवला, वायर काढली आणि खिशात टाकली. पहिल्या घराचं दार न वाजवता तो सरळ शेवटच्या घरात शिरला होता. सगळं मिळून दहा सेकंदसुद्धा लागले नसतील.

परीक्षा घेणारा साहेब तरुण होता, हातात कागद आणि कानाला पेन. त्याने हॉर्न वाजवून घेतला, दिवे लावून घेतले, वायपर फिरवून घेतला. सगळं चाललं. मग तो शेजारी बसला आणि गाडी फाटकाबाहेर गेली.

बावीस फाटकाशी उभा राहिला. पाच मिनिटं झाली. डायनॅमो तापायला लागला असेल. दहा झाली. बाईंनी एकदा जरी पाय जोरात दिला असेल तर दिवा लागला असेल, साहेबाने विचारलं असेल, बॉनेट उघडलं असेल. पंधरा झाली. बावीसला आपल्या खिशातली वायर हाताला चटका देते आहे असं वाटायला लागलं. त्याने तीनदा घड्याळ पाहिलं आणि तिन्ही वेळा तेच वाजले होते.

सतराव्या मिनिटाला गाडी आली. साहेब उतरला, बॉनेटला वळसा घालून थेट बावीससमोर आला.

"यांचे मेकॅनिक तुम्ही का?"

"हो."

"मध्ये एकदा लाल दिवा लागला होता."

बावीसने खिशातल्या वायरवर मूठ आवळली.

"मी विचारलं, तर म्हणाल्या, वेग वाढला की लागतो. आणि खरंच, त्यांनी वेग कमी केला तर विझला. मी मोबाइलवर वेग बघत होतो. चाळीसला लागला, चाळीसच्या आत विझला." साहेब गाडीकडे कौतुकाने बघत होता. "नव्या गाड्यांत असते अशी सूचना. एवढ्या जुन्या गाडीतही ही सोय होती?"

बावीस खोटं बोलत नाही. बोलायचं म्हटलं तरी त्याला जुळवायला तास लागला असता. "आज तरी आहे," तो म्हणाला.

साहेब हसला, कागदावर सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेला.

बाई अजून स्टिअरिंगवरच होत्या. बावीसने आधी बॉनेट उघडलं, डायनॅमोला हात लावला. तापला होता, पण जळला नव्हता. त्याने वायर जागेवर बसवली, दोनदा आवळली, आणि मग खिडकीशी गेला. कागद बाईंच्या मांडीवर होता.

"फार घाबरले होते रे," बाई म्हणाल्या. "उद्या धाकटीला काय सांगायचं, हेच रस्ताभर डोक्यात होतं. साहेब काय बोलत होता ते निम्मं ऐकूच आलं नाही." मग त्यांनी कागद त्याच्यापुढे धरला. "पाच वर्षांचं दिलंय. पाच वर्षांनी मी एक्क्याऐंशीची. परत यावं लागेल. तू येशील ना?"

"येईन की."

"मग आजच सांगून ठेवते. याच तारखेला. फक्त गुरुवार येत नाही ना, ते बघ. गुरुवारी मला जमायचं नाही."

बावीसने खिशात फोन असताना बोटं मोजायला घेतली. आज बुधवार. एका वर्षाला एक दिवस पुढे. मध्ये एक लीप वर्ष, त्याचा एक जास्तीचा. तो एकदा चुकला, थांबला, आणि करंगळीपासून पुन्हा सुरू झाला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. बाईंनी आरशात बघून हाताने त्याला थांबवलं, इंजिन बंद केलं आणि कागदावर दोन्ही हात ठेवून शांत बसून राहिल्या. कोणाला घाई करायची नाही, असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं.

"मंगळवार येतो," बावीस शेवटी म्हणाला.

"मंगळवार चालेल," बाई म्हणाल्या.